अक्कानं कासव

आमच्या गल्लीत त्याला 'अक्कानं कासव' म्हणायचे. खानदेशी बोलीत 'अक्कानं' म्हणजे अक्काचं. पण देवपूरच्या शाळेत गुरुजींनी पुस्तकी मराठी शिकवली, तिच्यात 'अक्कानं' म्हणजे 'अक्काने', आणि तेव्हापासून ते दोन शब्द मला अर्धवट सोडलेल्या वाक्यासारखे वाटायला लागले. अक्कानं कासव... पुढे काय? अक्कानं कासव आणलं? नाही, ते आमच्या वडिलांनी आणलं. अक्कानं कासव वाढवलं? तेही नाही. त्याच्यासाठी माती मी खणली, शेळीच्या लेंड्या मी गोळा केल्या, पानापानावरची अळी मी चिमटीत धरून काढली. अक्कानं फक्त हात पुढे केला, आणि ते तिच्याकडे चालत गेलं. हे माझं रडगाणं फार जुनं आहे. सत्तरी उलटली तरी सांगताना आवाज चढतोच.

वडिलांना आम्ही नाना म्हणायचो. ते सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते आणि स्वातंत्र्याच्या सुमारास त्यांची नेमणूक साक्रीला होती. माझी थोरली बहीण, म्हणजे अक्का, तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेल. मी अगदीच लहान. अक्काला मुदतीचा ताप आला. ती वाचली, पण डोक्यावरचे केस गळाले आणि पायांत उभं राहायचीही ताकद उरली नाही. त्याच दिवसांत डोंगराकडच्या एका म्हाताऱ्याने, नानांनी त्याची जखम धुऊन बांधली म्हणून, त्यांना हे कासव आणून दिलं. मुठीएवढं, काळ्या पाठीवर पिवळ्या रेघांच्या चांदण्या. नानांनी ते घरी आणून सरळ अक्काच्या मांडीवर ठेवलं. मला खडीसाखरेचा खडा मिळाला. मला ताप आला नाही यात माझा काय गुन्हा होता, हे मला आजवर कळलेलं नाही.

अक्का पुन्हा चालायला शिकली ती त्या कासवाच्या मागे मागे. दोघांचा वेग सारखाच. भिंतीला धरून ती एक पाऊल टाकायची, कासव चार पावलं टाकायचं, मग दोघं थांबायची. आई पदराने डोळे पुसत ते बघत बसायची. मी अंगणात घोड्यासारखी धावत असे, पण धावणाऱ्या पोरीकडे बघून कुणाच्या डोळ्यांत पाणी येत नाही. पोटात दुखणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं, आणि त्यावर नानांच्या कपाटात औषध नव्हतं.

पुढे नानांची बदली धुळ्याला झाली. पांझरेच्या पलीकडे, देवपुरात, गल्लीच्या टोकाला आम्हाला दोन खोल्या आणि मागे थोडी मोकळी जागा मिळाली. तिथे घरमालकाच्या वेळचं एक जास्वंदीचं झाड होतं. कासव आता मोठ्या वाटीएवढं झालं होतं. दिवसभर परसात हिंडायचं, पडलेली जास्वंदीची फुलं खायचं आणि ऊन चढलं की पायरीखाली जाऊन बसायचं.

आमच्या घरात 'औषध' या शब्दाला देवाच्या खालोखाल मान होता. नाना दवाखान्यातून यायचे तर त्यांच्या कपड्यांनाही औषधाचा वास असायचा. कोनाड्यात बाटल्या, त्यांना चिकटवलेल्या कागदाच्या कातरलेल्या पट्ट्या, एका खुणेपर्यंत सकाळी, दुसऱ्या खुणेपर्यंत संध्याकाळी. औषध म्हणजे चांगलंच असणार. ते कडू असतं, पण वाईट नसतं. म्हणूनच हिवताप घालवायला सरकारी माणसं पंप घेऊन गल्लीत आली आणि "औषध मारायचं आहे, भांडीकुंडी बाहेर काढा," म्हणाली, तेव्हा बाकीच्या बायकांनी नाकं मुरडली, पण आमच्या आईने त्यांना चहा दिला. कंपाउंडरची बायको ती. भिंती झाल्या, आढं झालं, न्हाणीघर झालं. मग आई त्यांना म्हणाली, मागच्या जास्वंदीला मावा फार पडलाय, तिलाही थोडं मारा की. त्यांच्यातल्या एकाने घरचं काम समजून झाड चांगलं चिंब केलं.

दोन-तीन दिवसांत कासवाची मान लोंबायला लागली. पुढचे पाय थरथरत होते आणि तोंडाला फेस होता. आई नानांना म्हणाली, ह्याला काहीतरी औषध द्या. नानांनी जास्वंदीकडे बघितलं, खाली पडलेल्या फुलांकडे बघितलं आणि म्हणाले, "औषधानंच झालंय हे."

आईला ते पटलंच नाही. औषधाने कसं होईल? नानांनी कासवाला कोमट पाण्याच्या घमेल्यात ठेवून पुन्हा पुन्हा धुतलं, ड्रॉपरने त्याच्या तोंडात पाणी घातलं. अक्का त्याच्याजवळ बसून रडत होती. मलाही रडू येत होतं, पण गल्लीतली जी ती बाई येऊन अक्काच्याच पाठीवरून हात फिरवत होती. रडण्यातही पहिला मान तिचा. मी पायरीवर बसून एकटीच रडले आणि कुणी बघत नाही म्हटल्यावर थांबले.

कासव वाचलं. नानांनी जास्वंद बुंध्यापासून तोडली आणि सांगितलं की यापुढे त्याच्या तोंडात बाहेरचं एक पानही जायचं नाही. जे खायचं ते घरी पिकवायचं, आणि त्यावर मावा पडो की कीड, काही मारायचं नाही. पिकवणार कोण? अक्काचा हायस्कूलचा अभ्यास होता. मी म्हणाले, मी. त्या वेळी चावडीपासून चहाच्या दुकानापर्यंत सगळीकडे 'कसेल त्याची जमीन' चाललेलं असायचं. मी मनात धरलं की जमिनीला हा कायदा लागू होतो तर कासवाला का नाही? पिकवील त्याचं कासव.

मग मी पिकवायला लागले. पंपाचं औषध लागलेली वरची माती मी घमेल्या-घमेल्याने नदीकाठी नेऊन टाकली आणि पांझरेची गाळाची माती आणली. चिवळ लावली, घोळ लावली, तांदुळजा टाकला. टांगेवाल्याकडून घोड्याच्या घासाचं बी मागून आणलं. तो लसूणघास कापला की पुन्हा वाढतो. शाळेच्या वाटेवर कुंपणाला जास्वंद होती, तिची फांदी आणून लावली आणि नवी पालवी फुटून जुनी पानं गळेपर्यंत त्या झाडाचं काही कासवाला दिलं नाही. पाणी आडाचं, धुण्याचं नाही. मावा दिसला की बोटाने पुसायचा. अळी दिसली की उचलून शेजारच्या कोंबड्यांना घालायची. राख टाकायची झाली तर ती चुलीतली, आणि पान धुतल्याशिवाय द्यायचं नाही. एक नियम मी स्वतः काढला होता: ज्या पानाला भोक आहे ते पान चांगलं. किड्याने खाल्लं आणि किडा जगला, म्हणजे कासवही जगेल.

दुसऱ्या वर्षी पंपवाले पुन्हा आले तेव्हा मी वाफ्यावर गोणपाटं पसरली आणि वर स्वतः बसले. ती माणसं हसली. बसल्याबसल्या मला खोकला आला तरी मी उठले नाही. शेजारी किराणा दुकानवालं मारवाडी कुटुंब होतं. त्यांच्या आजी फार भाविक. कासव म्हणजे विष्णूचा अवतार, म्हणून एकादशीला बाजारातल्या मेथीची कोवळी जुडी आणून त्याच्यापुढे ठेवायच्या. मी झडप घालून ती उचलायचे. देवाच्या तोंडचा घास काढते ही पोरगी, असं त्या आईला सांगायच्या, आणि आई मला बोलायची. हे सगळं मी सोसलं.

आणि संध्याकाळी अक्का शाळेतून यायची, पायरीवर बसायची, माझ्या वाफ्यातली चिवळ माझ्याच टोपलीतून घेऊन हात पुढे करायची, आणि ते कृतघ्न जनावर माझ्या पायांवरून चढून तिच्याकडे जायचं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा. अक्का त्याच्या मानेखाली एका बोटाने खाजवायची, ते मान लांब करून डोळे मिटायचं. मी खाजवलं की मान आत.

मी तिला एकदा म्हणालेसुद्धा, पिकवते मी आणि खातं तुझ्या हातचं. ती म्हणाली, मग तू दे ना. दिलं. त्याने माझ्या हातातलं पान हुंगलं आणि तसंच उभं राहिलं. अक्काने तेच पान माझ्या हातातून घेऊन पुढे केलं, तर खाल्लं. ती हसली. तिला ते गमतीचं वाटलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मग अक्काचं लग्न ठरलं. जामनेर तालुक्यात पहूरला, केळी आणि कपाशीच्या बागाईतदारांच्या घरी. सासर मोठं, माणसं भरपूर. लग्नात कासवाचं कुणाला सुचलं नाही. पाठवणीच्या वेळी अक्का आईच्या गळ्यात पडून रडली, मग नानांच्या, मग माझ्या. मीही मनापासून रडले. पण रडता रडता माझ्या डोक्यात आलं की आता ते माझं.

कासवाने कितीतरी दिवस काही खाल्लं नाही. पायरीशी जाऊन बसायचं आणि दाराकडे बघायचं. माझी कोवळी चिवळ वाळून गेली. मी त्याला बोलबोल बोलले. शेवटी पोटाने त्याला शहाणं केलं. मी पत्र्याची ताटली वाजवायचे आणि एक दिवस ते त्या आवाजावर आलं, माझ्या हातातलं घोळीचं पान ओढून घेतलं आणि चावलं. मी आईला हाका मारल्या. आई पोळ्या लाटत होती, ती म्हणाली, बरं झालं, अक्काचा जीव भांड्यात पडेल.

वर्षभर ते माझं होतं. गल्लीला नसेल ठाऊक, पण आम्हा दोघांना होतं. मी शाळेतून आले की ते परसाच्या दाराशी उभं असायचं.

मग आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. आमच्याकडे आखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, गाणी म्हणतात. अक्का आली ती उजळून आलेली, हातभर बांगड्या. ती झोक्यावर बसली आणि कुणाशी तरी काही बोलली, एवढंच. मी त्या वेळी कासवाला जास्वंदीचं फूल देत होते. अर्धं फूल त्याच्या तोंडात होतं. ते त्याने टाकलं, वळलं, आणि सगळं तापलेलं अंगण ओलांडून, भर उन्हात, झोक्याखाली जाऊन उभं राहिलं. बायका म्हणाल्या, पाहा, मुकं जनावर पण माया विसरत नाही. म्हणजे वर्षभर मी जी केली ती काय होती?

पुढच्या आखाजीला अक्काने आईजवळ कासव मागितलं. तिकडे करमत नाही म्हणाली. आईने एका शब्दात होकार दिला. "तिनंच शे ना ते," शेजारच्या बायकांना ती सांगत होती, तिचंच आहे, नेईल नाही तर काय. मला कुणी विचारलं नाही. मी नानांकडे गेले आणि म्हणाले, तिकडे कपाशी आहे, कपाशीवर ते लोक पांढरी भुकटी मारतात, कासव मरेल. हे खरंच होतं. पण मला त्या खऱ्या गोष्टीचा आनंद झाला होता, आणि नानांना माझ्या तोंडावर तो दिसला असणार. ते अक्काला म्हणाले, सांभाळशील ना? ती म्हणाली, सांभाळीन.

मग मी तिला बी बांधून दिलं: चिवळ, तांदुळजा, लसूणघास. जास्वंदीच्या फांद्या ओल्या फडक्यात गुंडाळून दिल्या. माती कुठली घ्यायची, पाणी कुठलं, राख किती, भोकाचं पान का चांगलं, सगळं तोंड फुगवून सांगितलं. द्यायचं नव्हतं, पण न देऊन कासव उपाशी मेलं असतं. अक्काने सगळं ऐकून घेतलं आणि ते टोपलीत घालून घेऊन गेली. रिकाम्या वाफ्याला मी तरीही पाणी घालत राहिले. का, ते विचारू नका.

पावसाळा संपता संपता शेजारच्या दुकानाचे मुनीम सरकीच्या सौद्यासाठी जामनेरकडे गेले होते, ते वाटेत पहूरला अक्काच्या घरी डोकावून आले. निरोप घेऊन आले: सगळी खुशाल आहेत, कासव मजेत आहे आणि औषधाचा पाला खातं.

आईचा चेहरा फुलला. बघा, म्हणाली, सासर कसं मिळालं, कासवाला सुद्धा औषधाचा पाला. मुनीमजींना मी दोनदा विचारलं, अक्का नक्की काय म्हणाली? ते म्हणाले, तेच, औषधाचा पाला, तिने मुद्दाम सांगायला सांगितलंय. मी नानांपुढे उभी राहिले. पहूरला औषध म्हणजे काय ते आईला कळत नव्हतं, पण नानांना कळत होतं. शेतकऱ्यांच्या घरी औषध म्हणजे ती भुकटी. ते एवढंच म्हणाले, दिवाळीला अक्काला आणायला जायचंच आहे.

लेकीला माहेरी आणायला मुराळी जातो. बहुतेक भाऊ जातो. आम्हाला भाऊ नव्हता म्हणून नाना जायचे. त्या दिवाळीला मी त्यांच्या मागे लागून गेले. आत गोणपाट घातलेली एक टोपली बरोबर घेतली होती. कशाला, असं नानांनी विचारलं नाही. धुळ्याहून चाळीसगाव, तिथून पाचोरा, आणि पाचोऱ्याहून जामनेरची छोटी गाडी. ती इतकी सावकाश जायची की माणसं उतरून शेंगा तोडून परत चढायची. मी सगळ्या वाटेत ठरवत होते की काय काय बोलायचं. सांगितलं होतं ना, हे तर होतंच.

अक्काच्या घरी आम्ही पोचलो तेव्हा तिच्या सासूबाई ओट्यावर होत्या. धिप्पाड बाई, कमरेला किल्ल्या, आवाज शेतापर्यंत पोचेल असा. घर त्यांच्या शब्दावर चालायचं. मला वरपासून खालपर्यंत बघून त्या म्हणाल्या, आली का कासववाली? मला त्याचा अर्थ कळला नाही. कासव अक्काचं, ही तर काळ्या दगडावरची रेघ होती.

पाणी पिऊन मी सरळ मागच्या बाजूला गेले. परसात वांगी होती, गवार होती, भेंडी होती, आणि सगळ्यांवर पांढरी भुकटी. ती कापडाच्या पुरचुंडीत बांधून झाडांवर झटकतात, तशी एक पुरचुंडी खुंटीला लटकत होती. पानं नितळ, एकालाही भोक नाही. मी ते बघितलं आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. आता कासव माझ्या टोपलीत येणार होतं.

मग विहिरीच्या मागे, कपाशीच्या वाळक्या काटक्यांचं कुंपण घातलेला एक तुकडा दिसला. आत चिवळ गादीसारखी पसरली होती. लसूणघास गुडघ्याला लागेल एवढा. माझ्या जास्वंदीच्या फांद्यांची झाडं झाली होती आणि त्यांना फुलं होती. तांदुळज्याचं एकेक पान माझ्या पानाच्या दुप्पट, केळीच्या बागेचं पाणी पिऊन माजलेलं. आणि पानापानाला भोकं. मी वाकून बघितलं, हाताने उलटून बघितलं. कुठे पांढरा कण नाही.

अक्का माझ्या मागे येऊन उभी राहिली होती. मी मुनीमजींचा निरोप सांगितला तर ती पदर तोंडाला लावून हसायला लागली. ती म्हणाली होती बिगर औषधाचा पाला. मुनीमजींनी रस्त्यात विचार केला असणार की कंपाउंडरच्या घरी असा अभद्र निरोप कसा सांगायचा, पोरीची जीभ घसरली असेल, आणि 'बिगर' गाळून टाकलं.

मी हसले नाही. माझा वाफा आठवत होता, घमेल्याएवढा. तिने माझंच बी घेऊन माझ्याहून चांगलं पिकवलं होतं, आणि कासव त्यात पोट टेकून बसलं होतं, गुबगुबीत, पाठीच्या कडेला नवी फिकट वाढ. मी ताटली मागवून वाजवली. त्याने मान वर केली, माझ्याकडे बघितलं आणि अक्काच्या पायाशी गेलं. आता तर मला राग धरायला तिची एक चूकसुद्धा उरली नव्हती. असल्या माणसाचा मत्सर सर्वांत अवघड.

मी तिला विचारलं, सगळ्या परसावर भुकटी आहे, मग एवढाच तुकडा कसा वाचला? सासूबाई ऐकतात तुझं?

"माझं कोण ऐकतं," ती म्हणाली. "माझं म्हटलं असतं तर पहिल्याच खेपेला यावर औषध पडलं असतं. सुनेचं ते घरचंच. मी सांगितलंय की कासव तुझं आहे, आणि तू ते माझ्याकडे ठेवायला दिलंय. व्याह्यांची ठेव म्हणून कुणी हात लावत नाही."

हे तिने अगदी साधेपणी सांगितलं आणि कासवाला चिवळीची काडी दिली. मघाचं 'कासववाली' मला आता कळलं. मी घरात पुन्हा नीट बघितलं तेव्हा दिसलं की तिच्या माहेरच्या पेटीवर नणंदेचे कपडे होते, तिचा आरसा ओसरीवर लागला होता, तिच्या साड्या जी ती नेसत होती. कुणी वाईट वागत नव्हतं. पण त्या भरल्या घरात अक्काची म्हणावी अशी, काटक्यांच्या कुंपणातली एवढी जागा होती, आणि तीही माझ्या नावावर.

जेवणं झाल्यावर ओट्यावर सगळे बसले. नाना, अक्काचे सासरे, दीर, शेजारचे दोघे-तिघे. माझी टोपली दाराशी होती. सासूबाईंचं लक्ष तिच्याकडे गेलं. त्या म्हणाल्या, "कासव तुह्यं आहे म्हने. न्यायले आली का वं माय?" आणि वर नानांना म्हणाल्या की त्याच्या त्या वाफ्याने साऱ्या परसात कीड पसरते, पण काय करणार, तुमची ठेव.

नाना सरळ माणूस. त्यांच्या कपाळाला आठी पडली. ते म्हणायला लागले, "नाही हो, ते तर लहानपणापासून..."

अक्का दारात उभी होती. तिच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

एवढं मला कळलं की नानांचं वाक्य पुरं झालं तर उद्या सकाळी ती पुरचुंडी विहिरीमागे जाणार. आणि मी नेते म्हणाले, तर चार माणसांच्या देखत कासव माझं होऊन टोपलीत बसणार. अक्काला ब्र काढता येणार नव्हता, तिनेच तसं सांगून ठेवलं होतं. हेच तर मला हवं होतं, साक्रीपासून हवं होतं. मला अक्काचा असा राग आला की विचारू नका. तिने मला मालकीण केलं होतं आणि माझेच हात बांधून टाकले होते.

"माझंच आहे," मी नानांचं बोलणं तोडून म्हणाले. "पण आमच्याकडे गल्लीत पंपवाले येतात. राहू द्या इथंच. त्याच्या पाल्याला औषध मात्र लागता कामा नये."

सासूबाई म्हणाल्या, बरं बाई, तुझी वस्तू, तू म्हणशील तसं. कधी नेशील? मी म्हणाले, नेईन तेव्हा सांगीन. नानांनी माझ्याकडे बघितलं, मग अक्काकडे, आणि सुपारी कातरायला घेतली. दिवाळीला अक्का आमच्याबरोबर आली तेव्हा चिवळीला पाणी घालायचं सासूबाईंनी स्वतःकडे घेतलं. माझ्या टोपलीत त्यांनी केळी भरून दिली. छोट्या गाडीत अक्काने मला विचारलं, रागावलीस? मी हो म्हणाले. तिने एक केळं सोलून अर्धं माझ्या हातात दिलं.

त्यानंतर मला ते कधी नेताच आलं नाही. जो कोणी पहूरहून यायचा तो मला माझ्या कासवाची खुशाली सांगायचा. पुढे अक्काला मुलं झाली, तीही त्याला मावशीचं कासव म्हणायची आणि माझी परवानगी असल्याशिवाय त्याच्या पाठीला हात लावायची नाहीत. मी तिकडे गेले की सासूबाई सगळ्यांना बाजूला सारून मला वाट करून द्यायच्या, मालकीण आली म्हणायच्या. मी ताटली वाजवायचे. सगळं पहूर जाणत होतं की ते माझं आहे. कासव तेवढं अक्काकडे चालत जायचं.